ग्रेताचे चाळीस दिवस

लोवेच, ७ जून २०१८, गुरुवार

प्रिय मिगी,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता बरी असेल, आणि तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्या सिन्योराबाईंचे पायही. फेरारात एव्हाना उकडायला लागलं असेल. इथे लिंडनची झाडं फुललीत, अख्ख्या गल्लीला वास सुटलाय. फुलं तोडून चहासाठी वाळत घातलीत, तुझा वाटा बाजूला ठेवलाय.

बसच्या ड्रायव्हरबरोबर खोकं पाठवते आहे. चेरीचा मुरंबा, मिरच्या-टोमॅटोची ल्युतेनित्सा आणि थोडं पांढरं चीज. मुरंबा यंदा जरा पातळ झालाय, ते मला माहीत आहे, तू सांगू नकोस. आणि रिकाम्या बरण्या परत पाठव. तिकडे सगळं दुकानात मिळतं म्हणून तुला बरणीची किंमत राहिलेली नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मला पुढचं बोलता येत नाही.

ग्रेता गेली. परवा, मंगळवारी सकाळी. मूत्रपिंडाचा विकार होता, अकरा वर्षांच्या मांजरीला होतोच म्हणतात. दोन दिवस खाल्लं नव्हतं. मी डॉक्टरला बोलावणार होते, पण वेळच मिळाला नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली निजली होती, तिथेच गेली. त्रास झाला नाही. बुटांच्या खोक्यात घालून आपल्या गावाबाहेरच्या बागेत पुरली, चेरीच्या झाडाखाली. वरच्या मजल्यावरच्या किरोकाकांनी खड्डा खणला. त्यांना याबद्दल फोन करू नकोस, हळवा माणूस आहे, त्यांना बोलायला जड जातं.

तेव्हा तू ते मांजरीच्या पासपोर्टचं म्हणाली होतीस, त्याची आता गरज उरली नाही. सिन्योराबाईंना मांजर चालते, त्यांच्या मुलाचीही हरकत नाही, तू सगळं ठरवून ठेवलं होतंस, हे मला कळतं. पण नशिबात नव्हतं.

तुला वाटेल, मी नीट बघितलं नाही. वाटू दे. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे वाटी ठेवली. ती वाटीकडे बघायची, माझ्याकडे नाही. आईनं तळघरातून उचलून आणली तेव्हा हाताच्या मुठीएवढी होती. तेव्हाही आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून फिसकारली होती, आठवतंय? तू हसली होतीस. मी तिच्याशी काही वाकडं वागले होते का? कधी शेपटीवर पाय दिला नाही, कधी झाडू उगारला नाही. बावीस वर्षं शिवणकारखान्यात तपासणीला होते, दुसऱ्यांच्या शिवणीतली चूक मला हाताला कळायची. माझ्यात हिला काय खटकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तू ऑगस्टमध्ये पंधरा दिवस यायचीस. खाली टॅक्सीचं दार वाजलं की ही पलंगाखालून निघून दाराशी हजर. तू जिन्यात असायचीस आणि हिची शेपटी उभी. मग पंधरा दिवस तुझ्या मांडीवर, तुझ्या उशीवर, तुझ्या उघड्या बॅगेत. तू म्हणायचीस, "ताई, बघ ना, कशी घुरघुरतेय." मी बघायचे. स्वयंपाकघरातून बघायचे, कारण तुझ्यासाठी मिरच्या भाजायच्या असायच्या.

असो. मेलेल्या जनावराबद्दल काय बोलायचं. तू मनाला लावून घेऊ नकोस. दुसरी मांजर तिकडेच बघ, इटलीत मांजरांना तोटा नाही.

तुझी,
वासिल्काताई

* * *

लोवेच, २५ जून २०१८, सोमवार

प्रिय मिगी,

आशीर्वाद. काल फोनवर मी तुसडेपणानं बोलले, म्हणून हे लिहिते आहे. माफी वगैरे मागत नाही, फक्त लिहिते आहे.

तू इतकी का रडलीस? आई गेली तेव्हा तू एवढी रडली नव्हतीस. काळा चष्मा लावून उभी होतीस. बायका मला म्हणाल्या होत्या, "मिग्लेना किती धीराची आहे." आणि आता एका मांजरीसाठी तू पाऊण तास हुंदके देतेस. मी फोन कानाशी धरून उभी, मटारची भाजी खाली लागली.

वर मलाच विचारतेस, "ताई, आता तू एकटी कशी राहशील?" मला हसू आलं. ती असताना काय मोठी सोबत होती मला? पाठ करून बसायची. मी एकटी राहते, तशी राहीन.

मागे काय वाजत होतं म्हणून विचारलंस, ते बाल्कनीचं दार. वाऱ्यानं वाजतं. बिजागरी सैल झालीय.

आणि ते चाळीस दिवसांचं डोक्यातून काढून टाक. चाळिसावा माणसांचा घालतात. तू म्हणालीस, तिकडे लोक कुत्र्यांनाही कबरी बांधतात. तिकडे बांधू देत. इथे लोक हसतील आणि मला याच गल्लीत राहायचंय.

रविवारी पाचलाच फोन कर, आधी करू नकोस. पाचच्या आधी मी घरात नसते.

वासिल्का

* * *

लोवेच, २१ जुलै २०१८, शनिवार

मिगी,

आशीर्वाद देते. ते घ्यायचे की नाहीत, ते पत्र वाचून झाल्यावर तू ठरव. गेल्या रविवारी फोन वाजत होता, मी उचलला नाही. घरातच होते.

ग्रेता जिवंत आहे. या क्षणी फ्रीजवर बसली आहे आणि भिंतीकडे बघते आहे.

आता रागाव. पण पत्र फाडू नकोस, पुढे अजून आहे, आणि ते याहून वाईट आहे.

गेल्या शनिवारी मी बाजारातून मिरच्या घेऊन आले तर आपल्या इमारतीच्या दाराशी चार-पाच माणसं उभी. काचेवर आईच्या निधनाचं फोटोचं पत्रक तीन वर्षं झाली तरी अजून आहे, उन्हानं पिवळं पडलेलं. त्याच्या शेजारी नवं कोरं, काळ्या चौकटीचं दुसरं. मला वाटलं तळमजल्यावरच्या पाव्लिनामावशी गेल्या. पण पाव्लिनामावशी तिथेच उभ्या होत्या, काळा रुमाल बांधून, हातात मेलेल्याच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची ताटली, वर साखर भुरभुरलेली.

"देव तिला क्षमा करो," म्हणाल्या, आणि ताटली माझ्यापुढे धरली. "आमच्या दारासमोरून रोज जायची बिचारी. कधी ओळख दिली नाही, पण जायची."

किरोकाका टोपी हातात घेऊन उभे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वासिल्का, परवा मिग्लेनाचा फोन आला होता. रडत होती पोरगी. म्हणाली, काका, खड्डा खणलात, तुमचे उपकार कसे फेडू. मी म्हटलं, असू दे गं. आता तू मला एवढंच सांग, मी कोणाला पुरलं?"

मी काचेकडे बोट दाखवलं.

"आणि हे पत्रक?" मी विचारलं.

"छापखान्यातून मला आणून दिलं. मिग्लेना म्हणाली चिकटवा, मी चिकटवलं. खरं-खोटं करणं माझं काम नाही. तसंही तुझ्या मांजरीला जिवंतपणी नीट कोणी बघितलंय?"

तेवढ्यात पाव्लिनामावशींनी वर बघितलं आणि तीन वेळा क्रूसाची खूण केली. आपल्या बाल्कनीच्या कठड्यावर ग्रेता बसली होती, पंजा चाटत. खाली तिचा चाळिसावा चालला होता आणि ती वरून बघतही नव्हती.

"चाळिसाव्या दिवसापर्यंत आत्मा घराभोवती फिरतो हे मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या, "पण शेपटीसकट?"

किरोकाका एवढे हसले की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. सगळे हसले. मी पत्रक सोलून काढलं, हाताला खळ लागली, आणि मिरच्या तिथेच टाकून वर गेले. मिरच्या मग मावशींनी आणून दिल्या. ती गव्हाची ताटलीही ठेवून गेल्या. मुद्दाम केलं असणार, त्यांची जीभ आणि हात दोन्ही तिखट आहेत.

स्वयंपाकघराचं दार लावून ते पत्रक टेबलावर पसरलं. आधी बघितला तो फोटो. ग्रेता उशीवर, आणि कोपऱ्यात एक हात. अंगठीवरून कळलं, तुझाच. मेल्यावरही तुझाच हात, मनात आलं, आणि असा संताप आला की कागद चुरगाळणार होते. मग खालचं वाचलं. विलोची डहाळी छापली होतीस, क्रूस नाही, तेवढी अक्कल ठेवलीस. आणि त्याखाली:

"चाळीस दिवस झाले. ग्रेता, वय अकरा. घराची मालकीण. शोकाकुल: वासिल्का, जिनं तिला रोज खाऊ घातलं, आणि मिग्लेना, जी फक्त ऑगस्टमध्ये यायची."

माझं नाव आधी. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मला वाटायचं, तुला यातलं काहीच कळत नाही. तू येतेस, मांडी पसरतेस, लाड करून घेतेस, जातेस. मग पंधरा दिवस ही दाराशी बसून असते आणि ते मला बघावं लागतं. आईचंही तेच होतं. शेवटची चार वर्षं मी तिला उचलून बसवलं, न्हाऊ घातलं, गोळ्या साखरेत कालवून दिल्या. आणि रविवारी तुझा फोन आला की आईचा चेहरा असा व्हायचा की मी खोलीतून निघून जायचे. माझ्यासाठी तो चेहरा तिनं एकदाही केला नाही. मला तुझा हेवा वाटायचा, मिगी. आजही वाटतो. त्रेसष्ट वर्षांची आहे मी, लिहिताना लाज वाटते, पण वाटतो.

मे महिन्यात तू फोनवर म्हणालीस, ग्रेताला मला दे. तेव्हा फोनचा आवाज मोठा केलेला होता. ही कपाटावरून उतरली, टेबलावर चढली आणि फोनला गाल घासायला लागली. मी हाक मारली तर कान हलवत नाही. तुझा आवाज एका डबीतून येतो, तर त्या डबीला ही गाल घासते. तेव्हाच मी ठरवलं की देणार नाही. मेली म्हणून सांगेन, पण देणार नाही. पत्रात लिहिलं, कारण माझा आवाज तुला लगेच कळतो. नंतर दर रविवारी पाचच्या आधी तिला बाल्कनीत कोंडायचे. ते दार ती ओरबाडत होती. बिजागरी चांगली आहे.

तुला वाटेल, जी आपल्याकडे ढुंकून बघत नाही तिच्यासाठी एवढं का. मीही हाच विचार करते. सकाळी मी कॉफी घेऊन बसते, ती समोरच्या खुर्चीवर येते आणि माझ्याकडे पाठ करून बसते. पण बसते. दुसऱ्या खोलीत जात नाही. या घरात मला टाळायला कोणीतरी आहे, म्हणजे घरात कोणीतरी आहे. ती गेली तर मला कोण टाळणार?

आता ते याहून वाईट म्हटलं होतं, ते.

आई गेली त्या दुपारी मी तिच्या उशीचा अभ्रा बदलत होते. ती शुद्धीवर होती. नव्हती असं मी तुला तेव्हा खोटं सांगितलं. ग्रेता तिच्या पायाशी होती. आई म्हणाली, "मांजर मिगीला दे. ती तिकडे परक्यांत एकटी आहे. तुला काय, तुला कोणी लागत नाही."

माझ्याच तोंडावर म्हणाली. मी अभ्रा घालत होते. मी म्हटलं, "बरं, आई." तासाभरानं ती गेली.

आईनं ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. मीच तिला तसं वाटू दिलं असेल, कधी तक्रार केली नाही, कधी मांडीवर डोकं ठेवलं नाही. पण ते वाक्य माझ्या घशात अडकलंय, तीन वर्षं झाली. म्हणून तुला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर मांजरही गेली असती आणि ते वाक्यही खरं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी तू विमानानं आलीस. मांजरीनं आईवरून उडी मारू नये, मढ्यावरून मांजर गेलेली अशुभ, म्हणून मी ग्रेताला बरण्यांच्या खोलीत कोंडलं होतं. मातीहून परत आल्यावर दार उघडलं. ती माझ्या पायाजवळून निघाली, थांबली नाही, आणि तुझ्या बॅगेवर जाऊन बसली. मला वाटलं, आईनं तिलाही सांगून ठेवलंय.

झालं. एवढंच होतं. आता तुझ्याजवळ लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

सोमवारी तिला टोपलीत घालून डॉक्टरकडे नेलं. वाटेत अख्ख्या पुलावर ओरडत होती, लोक वळून बघत होते. मानेत चिप बसवली, रेबीजचं इंजेक्शन दिलं, पासपोर्ट केला. निळं पुस्तक आहे, तुझ्या-माझ्या पासपोर्टपेक्षा देखणं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मालकाचं नाव?"

मी म्हटलं, "मिग्लेना दोब्रेवा. फेरारा."

"मग तुम्ही कोण?"

"मी खायला घालते," मी म्हटलं.

इंजेक्शन देताना मी धरलं होतं तिला. मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. डॉक्टरीणबाई औषध लावत म्हणाल्या, मांजर फार रागीट आहे. मला बरं वाटलं, खरं सांगते. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काहीतरी केलं. घरी आल्यावर ती माझ्या मांडीवर येऊन बसली वगैरे असं तुला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. पलंगाखाली गेली, ती बुधवारी बाहेर आली.

तिला न्यायचं तर काही गोष्टी ध्यानात ठेव. कोंबडीची कलेजी खाते, पण गार. पाणी वाटीतलं पीत नाही, नळ किंचित सोडून ठेवावा लागतो. वादळ आलं की कपड्यांच्या कपाटात जाते, दार फटीएवढं उघडं ठेव. झोपेत पाय हलवते, तेव्हा उठवू नकोस. तुला यातलं काही माहीत नसेल, कारण ऑगस्टमध्ये ती हे काही करत नाही. ऑगस्टमध्ये ती वेगळीच असते.

सिन्योराबाईंना माझा नमस्कार सांग. किरोकाकांना एक फोन कर, त्यांनी कोणालाही पुरलेलं नाही. आणि पत्रकाबद्दल मी तुझ्यावर रागावलेले नाही. ते मी टाकलेलं नाही, कपाटात चादरींखाली ठेवलंय.

एकच राहिलं. इंजेक्शन दिल्यापासून एकवीस दिवस तिला सरहद्दीपार नेता येत नाही, तसा नियम आहे. सोमवारी, सहा ऑगस्टला ते पुरे होतात. तू दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी येतेस. तू जिन्यात पाऊल टाकलंस की ती माझी राहत नाही, मग पुस्तकात काही लिहिलेलं असो. मी तुझ्याजवळ आजवर काही मागितलेलं नाही, आठवून बघ. आता मागते आहे. या वर्षी एक दिवस उशिरा ये. रविवार मला राहू दे.

जिला कोणीतरी लागतं, ती तुझी ताई,
वासिल्का